कडूवहिनींनी हेल रोखला त्याची गोष्ट

…तर काल कुठं थांबलो होतो? हां, आतल्या खोलीतून तो आवाज आला आणि बाहेर बाकड्यांवर बसलेली सगळी माणसं एकदम उभी राहिली, तिथं. तुम्हाला जेवायला हाक आली म्हणून उठावं लागलं. गोष्ट अशी अर्ध्यात राहिली की मला रात्रभर वांगं बाधल्यासारखं होतं. आता बसा, आज सगळी घेऊनच जा.

आवाज होता आमच्या कडूवहिनींचा. कडूबाई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, गोपाळदादाची बायको. त्यांच्या डाव्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली होती आणि आता तिथं लाईट द्यायची होती. आमच्याकडं कुणी शेक म्हणतं, कुणी करंट म्हणतं, आम्ही लाईट म्हणतो. त्यासाठी पिंगळीहून गाडीत बसून नांदेडच्या एका दवाखान्यात गेलो होतो. लाईट सुरू करायच्या आधी मापं घेतात, त्या खोलीत वहिनी दोन्ही हात डोक्याच्या वर घेऊन एकट्या झोपल्या होत्या. मी बाहेर त्यांच्या चपला आणि पिशवी सांभाळत बसलेलो. आतल्या पोरीनं, सृष्टी नाव तिचं, काचेपलीकडून माईकवर सांगितलं, “आजी, मोठ्ठा श्वास घ्या… आणि धरून ठेवा.”

वहिनींनी मोठ्ठा श्वास घेतला. आणि मग,

“अगंऽऽ माझे बाई गंऽऽऽ! कशी सोडून गेलीस गंऽऽऽ!”

भिंती हादरल्या म्हणलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, म्हणून फक्त एवढंच सांगतो की पाण्याच्या फिल्टरवरचा पेला खाली पडला. माझ्या शेजारी पाथरीकडची एक म्हातारी बसली होती, तिच्या पुतण्याला घेऊन आलेली. तिचा-आमचा काही संबंध नाही. पण हेल, म्हणजे मयताच्या दारातलं ते गळा काढून रडणं, कानावर पडल्यावर आपल्याकडची बाई गप्प बसेल का? तिनं पदर तोंडाला लावला आणि जागेवरून उत्तर दिलं, “अशी कशी गेलीस गं माझे माऽऽय!” तिकडून आणखी एकीनं धरलं. पुतण्या घाबरून म्हणतो, “काकू, कोण गेलं?” काकू म्हणते, “ते काय की बाबा, मंग इचारू. आधी रडून तर घिऊ दे.” एका पागोटेवाल्यानं माझ्याजवळ येऊन टोपी… म्हणजे पागोटं काढलं आणि हळूच विचारलं, “माती किती वाजता हाय?”

मी सांगितलं, “माती कुनाचीच न्हाई. बाई जित्ती हाय. तिनं निस्ता श्वास घेतलाय.”

तो माझ्याकडं असा बघायला लागला, की ज्याची बाई श्वास घेताना असं करते त्याचं दुःख मयतापेक्षा मोठं असावं.

आता तुम्ही म्हणाल, ही काय रीत झाली श्वास घ्यायची? त्यासाठी वहिनी कोण ते सांगायला पाहिजे. आमच्या पिंगळीच्या आसपासच्या गावांत कुणाच्या घरी मयत झालं आणि कडूबाई आल्या नाहीत तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. पैसे-बिसे काही नाही, कुणी बोलावतही नाही. कळलं की त्या जातात. दारात उभ्या राहतात, छाती फुगेपर्यंत दम घेतात आणि एका दमात मेलेल्याचं सगळं चरित्र सांगतात. बाप कोण, सासर कुठलं, बैल कसा होता, विहिरीला पाणी कधी लागलं. मध्ये श्वास नाही. आणि त्या खोटं बोलत नाहीत. आमच्याकडचा एक चिकट गृहस्थ गेला, नाव घेत नाही, पोरं इथंच असतात. त्याच्या दारात वहिनींनी हेल काढला, “कदी कुनाला घोटभर च्या न पाजनाऱ्या मामा रंऽऽ, आता तुमाला वर तरी कोन पाजंल रंऽऽ!” पोरं रडता रडता हसली आणि त्याच दिवशी सगळ्या भावकीला चहा झाला.

एकदा तर परभणीत घर चुकलं. वहिनी शिरल्या त्या घरात साखरपुडा होता. दारात चपला बघितल्या, बायका बघितल्या, दम घेतला आणि सुरू! नवरीची आई आधीच भरून आलेली, ती गळ्यात पडून रडली, तिच्या मागं नवरी रडली, नवऱ्याकडचे लोक म्हणाले, पोरीवर किती जीव आहे यांचा. पेढे खाऊन आल्या वहिनी. “भावजी, पेढे दिले तवाच मला शंका आली,” म्हणाल्या.

तर अशी चाळीस वर्षांची सवय. मोठा दम आत गेला की मागोमाग हेल बाहेर. मधे थांबा नाहीच, आमच्या गावाला एक्स्प्रेसला नाही तसा.

डॉक्टर होत्या स्वप्ना मॅडम, शांत बाई. त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मला वाटलं आता दंड करतात. पण त्यांनी कागदावर चित्र काढलं. “हे बघा आजी, ज्या जागेला लाईट द्यायची त्याच्या बरोबर मागं हृदय आहे. तुम्ही छाती भरून श्वास घेतला की फुफ्फुस फुगतं आणि हृदय मागं, खाली सरकतं. लाईटच्या वाटेतून बाजूला होतं. तेवढ्या वेळातच आम्ही मशीन चालवतो. श्वास सुटला की मशीन आपोआप बंद. वीसेक सेकंद धरायचा, सोडायचा, परत धरायचा.”

मला लगेच समजलं. धार काढताना वासरू जरा बाजूला ओढून धरतो तसंच की. वासरू म्हणजे काळीज.

“आन् न्हाई जमलं तर?” वहिनींनी विचारलं.

“तर साध्या श्वासावर देऊ. गाठीच्या जागेचं काम होईल. पण थोडी लाईट हृदयाला लागेल, त्याचा त्रास काही वर्षांनी होऊ शकतो. जमत असेल तर मला ते नको आहे. पुढच्या सोमवारी परत मापं घेऊ. त्याच्यापुढं मात्र थांबता येणार नाही. तोपर्यंत घरी सराव करा.” मग मॅडमनी जरा थांबून विचारलं, “ओरडता कशासाठी? दुखतं का?”

“न्हाई हो मॅडम. आपसूक निघतंय.”

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीकडं तोंड करून बसल्या. मिरखेल गेलं तेव्हा बोलल्या.

“भावजी, हेल कुठून येतो, म्हायती हाय का?”

“गळ्यातून.”

“गळ्यातून कोंबडा आरवतो. हेल काळजातून येतो. तेच भाजलं तर मी काय करू? लोकाच्या दारात जाऊन आरवू का?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला कळलं की बाई गाठीला भ्यायली नव्हती, आपरेशनला भ्यायली नव्हती, पण ह्याला भ्यायली. मग मीही हसायचं थांबलो. म्हणजे, स्टेशन येईपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू. दादाची नात वैष्णवी, कॉलेजात जाते, तिनं मोबाईल घेतला. वहिनी पलंगावर आडव्या, हात वर. “आज्जी, श्वास घे… धर.” वहिनींनी घेतला. “अगंऽऽ माझे बाई गंऽऽऽ!”

दादा बाहेर ओट्यावर बसला होता. आमचा दादा म्हणजे असा मुका माणूस, की पाव्हण्यानं ‘रामराम’ घातला तर त्याचं उत्तर पाव्हणा वेशीपार गेल्यावर द्यायचा. हेल ऐकून शेजारचा हरिओम धावत आला, दादाकडं बघून मान खाली घालून त्याच्या बाजूला बसला. दुसरा आला, तोही बसला. बघता बघता ओटा भरला. कुणी काही बोलंना. दादाला वाटलं, इतके लोक आलेत म्हणजे आपल्याच घरात कुणीतरी गेलंय, त्यानंही मान खाली घातली. समोर ईश्वरअप्पांचं किराणा दुकान आहे. अप्पांनी शटर अर्धं ओढलं आणि तेही येऊन बसले. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून दोन घरांतून भाकरी-पिठलं आलं. मी बाहेर येऊन बघतो तर दादाच्या डोळ्यांत पाणी.

“दादा, काय झालं?”

“ते मलाबी कुनी सांगंना,” दादा म्हणाला. “कोन गेलं रे आपलं?”

माझी बायको रेणुका आतून ओरडली, “कुनी न्हाई गेलं! आलेलं पिठलं मातर परत दिऊ नका, मी सैपाक केलेला न्हाई!”

त्यानंतर नाना उपाय झाले. हरिओम म्हणाला, तोंडात पाणी धरा, म्हणजे हेल निघायचाच नाही. वहिनींनी पाणी धरलं, दम घेतला, आणि हेल निघाला तो पाण्यासकट, सगळा हरिओमच्या अंगावर. मी सांगितलं, दात आवळा. दात आवळले तर नाकातून निघाला. तो तर इतका भयाण निघाला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली. वैष्णवी म्हणाली, “आज्जी, थोडाच श्वास घे ना.” थोडा घेतला तर हेल निघत नव्हता, पण छातीही फुगत नव्हती, म्हणजे वासरू जागच्या जागी. शनिवार उजाडला. गावातल्या लोकांनी हेल ऐकून धावायचं सोडून दिलं होतं आणि वहिनींचं तोंड उतरलं होतं. “जाऊ द्या भावजी,” म्हणाल्या, “भाजू द्या काय भाजायचं ते.” असं त्या कधी बोलत नाहीत.

आणि त्याच शनिवारी दुपारी ईश्वरअप्पांच्या आई, भागम्मा, गेल्या.

म्हातारीनं नव्वदी ओलांडलेली. सकाळी दूध-भाकरी खाल्ली, सुनेला दोन शिव्या दिल्या, आणि बसल्या जागी गेली. असं मरण मला द्या, मी लेखी देतो. अप्पांच्या घरच्या रीतीप्रमाणं तिला कपाळाला भस्म लावून, फुलं घालून बसवलेलं. जणू आता कुणालातरी बोलणार. सगळं गाव जमलं. वहिनी दारात. पण सगळं अडलं होतं, कारण भागम्माची एकुलती लेक गंगाखेडहून जीपनं यायची होती.

आता ही आमच्या गावाची रीत ऐका, कारण सगळी गोष्ट हिच्यावरच आहे. घरच्या बाईच्या आधी बाहेरच्या बाईनं हेल काढायचा नाही. लेक असेल तर आधी लेक, बायको असेल तर आधी बायको. पहिला हंबरडा तिचा, मग बाकीच्यांचा. आधी कुणी रडली तर वर्षभर तिला ऐकावं लागतं, “तुला लय घाई झाल्ती बाई, जसं काय तुझंच मान्स मेलं.”

तर वहिनी दारात उभ्या. रस्त्यावर हॉर्न वाजला. आली लेक! वहिनींनी भरभरून दम घेतला, छाती ही अशी, आणि थांबल्या. लेकीनं आधी रडायला पाहिजे ना! पण ती जीप दुसरीच होती, पुढं निघून गेली. वहिनींनी दम गपचूप सोडून दिला. सूं नाही, सां नाही. परत हॉर्न. परत दम. पाथरीची एस.टी. होती. सोडला. गंगाखेडच्या जीपचं चाक पंक्चर झालेलं, आम्हाला काय माहीत! जितके हॉर्न वाजले तितक्या वेळा वहिनींनी दम भरला, रोखला आणि सोडला.

माझ्या शेजारी वैष्णवी उभी. एकदम तिनं माझा हात इतका जोरात दाबला की मीच हेल काढणार होतो. “आजोबा!” ती कुजबुजली, “आज्जीकडं बघा! आज्जी धरायलीय!”

पोरीनं ओढणीआड मोबाईल धरून वेळ लावली होती. पुढच्या हॉर्नला वहिनींनी दम धरला आणि मी आणि वैष्णवी त्या मोबाईलकडं बघत, ओठांनी मोजत. वीस झाले. पंचवीस झाले. मला आनंद मावंना. मी मयताच्या दारात दात काढून हसायलो, आणि समोर अप्पा! रेणुकानं मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं, म्हणून इज्जत वाचली. अप्पा नंतर माझं नाव घेऊन म्हणाले, “मुंजाजीला माझ्या आईचं किती लागलं बघा.”

शेवटी लेक आली. तिनं हंबरडा फोडला, आणि मग वहिनींनी इतक्या वेळचा साठलेला जो काढला, तो पिंगळी स्टेशनवर ऐकू गेला म्हणतात. मास्तर नवीन होता, त्याला वाटलं गाडी आली.

घरी आल्यावर वैष्णवीनं आज्जीला सगळं सांगितलं. “म्हंजी मला झोपल्याजागी कुनाच्या तरी दारात जाऊन हुबं ऱ्हायचंय,” त्या म्हणाल्या. “आन् घरच्या बाईची वाट बघायची.”

“बरोबर,” मी म्हणालो. “पर मयत कुनाचं धरायचं? भागम्माला तर माती दिली.”

“ते माझं मी बघते. तुमी नका त्यात तोंड घालू.”

सोमवार. तीच खोली. वहिनी झोपल्या, हात वर. सृष्टीनं पोटावर एक लहानशी डबी ठेवली, डोळ्यांवर चष्मा चढवला. त्या चष्म्यात म्हणे एक पिवळी रेघ दिसते, आपण श्वास घेतला की ती वर चढते. वर हिरवी चौकट असते, रेघ त्या चौकटीत नेऊन थांबवायची. मला स्वप्ना मॅडमनी काचेच्या अलीकडं उभं केलं होतं. मला वाटतं, कुणी बेशुद्ध पडलं तर ओळखीचं माणूस असावं म्हणून.

“आजी, मोठ्ठा श्वास घ्या… धरा.”

आमच्यासमोरच्या पडद्यावरही तीच रेघ दिसत होती, ती वर गेली. चौकटीत शिरली. थांबली! मी स्वतःचाही श्वास धरला होता हे मला नंतर कळलं. रेघ हलेना. सृष्टी हसायला लागली. “सोडा, आजी.”

“अरं माझ्या पाटला रंऽऽऽ!”

सृष्टीच्या हातातलं पेन उडालं. तरी ती म्हणाली, “मॅडम, धरला तर बरोबर. सोडल्यावर ओरडल्या.” मॅडमनी कपाळाला हात लावला. “आजी, सोडल्यावर ओरडलं तरी चालेल हो. पण बाहेर लोक बसलेत, मागच्या वेळी त्यांतले दोघं तर न तपासताच घरी निघून गेले.”

वहिनी झोपल्या झोपल्याच म्हणाल्या, “थांब बाई. मान्स चुकलं माझं. पाटलाची बायको लय लवकर रडती. दुसरं मान्स घिते.”

वहिनींनी डोळे मिटले, जरा विचार केला. गालावर एक बारीकसं हसू आल्यासारखं वाटलं.

“हं. आता म्हन.”

“श्वास घ्या… धरा.” रेघ वर, चौकटीत, आणि अशी चिकटली जसं कुणी खिळा ठोकलाय. “सोडा.” वहिनींनी दम सोडला. गपचूप. हूं नाही की चूं नाही. परत. परत तसंच. मापं झाली, अंगावर खुणा झाल्या, आणि मॅडमनी मला पडद्यावर दोन चित्रं दाखवली. एकात काळीज छातीला चिकटलेलं, दुसऱ्यात दूर सरकलेलं, मधे काळीभोर मोकळी जागा. वासरू बाजूला! मी मॅडमच्या पाया पडायला वाकलो, त्या मागं सरकल्या, मी जवळजवळ मशीनच्या पाया पडलो.

मग पुढचे आठवडे आमचं रोजचं जाणं-येणं. सकाळची गाडी, रेणुकानं बांधून दिलेली भाकरी, लाईट, परतीची गाडी. रोज वहिनी दम धरायच्या, मशीन चालायचं, सोडला की थांबायचं. एकही दिवस हेल नाही. सृष्टी बाकीच्या पेशंटला म्हणायची, “त्या आजींसारखं धरा बघू.” वहिनींची मान जरा ताठच झाली होती. पाथरीची ती म्हातारी रोज भेटायची, ती पुतण्याला म्हणाली, “ती बाई बग, एवढी रडकी हुती, आता कशी दगडावानी झालीय.”

पण माझ्या डोक्यात किडा शिरला होता. हे दुसरं माणूस कोण? मी रोज नवं नाव काढायचो. वहिनींची एक चुलतजाऊ आहे, बांधावरून भांडण असलेली. “तिचं का?” “न्हाई.” “दादाचं?” “तोंड सांभाळा, भावजी!” “ईश्वरअप्पाचं?” “दुकान उधार देतंय तवर त्यांना कशाला मारू?” गाडीतले लोक ऐकायचे आणि आमच्यापासून सरकून बसायचे, त्यामुळं जागा मात्र छान मिळायची.

आणि दुसरा किडा म्हणजे, पाटलाच्या वेळी हेल निघाला, ह्याच्या वेळी का निघत नाही? नुसता दम धरला जात होता असं नाही, तो सोडतानाही बाई गप्प. घरच्या बाईनं रडल्याशिवाय ही रडणार नाही, हे खरं. मग ती घरची बाई करतीय काय?

शेवटच्या दिवशी लाईट संपली. अंगाची कातडी काळवंडली होती, जरा आग होत होती, तेवढंच. मॅडमनी वहिनींचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “काळीज छान जपलंत आजी.” वहिनींनी त्यांना पिशवीतली बोरं दिली. गाडीत बसलो. पूर्णा गेलं. बाई खिडकीतून कापसाची रानं बघत होती, हेलाचा बारीक सूर नाकातल्या नाकात गुणगुणत, जसं बऱ्याच दिवसांनी घरातलं भांडं घासून बघावं तसं. मला राहवेना.

“वैनी,” मी म्हणालो, “आता तर सगळं झालं. आता सांगा. इतके दिवस रोज त्या मशीनखाली झोपून तुमी कुनाच्या मातीला हुब्या ऱ्हायला?”

वहिनींनी माझ्याकडं वळून बघितलं, पदर नीट केला आणि म्हणाल्या,

“तुमच्याच की, भावजी! रोज दम भरून तुमच्या दारात हुबी ऱ्हायले, पर रेणुका काई केल्या रडंना.”